नागपूरहून खाडीच्या मुखाशी: गळाने मासे धरायला शिकणाऱ्यांसाठी

तलावाच्या पाळेवर बसून तिलापिया किंवा रोहू काढणाऱ्याला कधी ना कधी समुद्राची ओढ लागतेच. दिवाळीनंतर चार दिवसांची सुट्टी काढून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जायचे आणि बंदरावर, खाडी समुद्राला मिळते त्या जागी गळ टाकायचा, असा बेत नागपुरात बरेच जण आखतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. गळ कधीच हातात धरला नसेल तरीही चालेल.

तलावात पाणी उभे असते. उन्ह उतरले की मासा काठाकडे येतो, म्हणून आपण वेळ सूर्यावरून ठरवतो. खाडीच्या मुखाशी पाणी दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलते आणि मासा त्या पाण्याच्या हिशेबाने चरतो. पाणी थांबले की त्याचे चरणेही मंदावते. पाणी वाहू लागले की त्याच दगडापाशी, जिथे तासभर काही लागले नव्हते, तिथे दोरी ताठ होते. म्हणून रॉड आणि रील घेण्याआधी तारीख ठरवायला शिका.

आधी तिथी, मग तिकीट

एक भरती चढायला साधारण सहा तास लागतात, उतरायला तेवढेच. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक यासाठी तिथीचा सोपा हिशेब करतात: शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या आणि दुपारी चारच्या आसपास भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्याही पंधराच धरायची. हा अंदाज आहे. बंदरागणिक तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी मोबाइलवर त्याच बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घ्या. पण घरच्या भिंतीवरचे कालनिर्णय बघून महिनाभर आधी रजा ठरवायला हा हिशेब पुरतो.

आता पाणी किती जोराने वाहणार तेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असते: पाणी खूप चढते, खूप उतरते, प्रवाह जोरदार. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो: चढउतार थोडा, प्रवाह मंद. शिवाय एकाच भरती-ओहोटीतही वेग सारखा नसतो. सहा तासांपैकी पहिल्या आणि शेवटच्या तासात पाणी जेमतेम हलते, मधल्या दोन तासांत मात्र जवळजवळ अर्धे पाणी सरकून जाते. गळ पाण्यात हवा तो त्या मधल्या वेळात.

हे सगळे एकत्र मांडून पाहा. तृतीयेला भरती सव्वादोनला. ओहोटीचा जोर सव्वाचार ते सव्वासहा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आसपास बुडतो, म्हणजे जोराची ओहोटी आणि तिन्हीसांजेचा उजेड एकाच वेळी मिळतो. त्याच दिवशी पहाटेही जवळपास असाच योग येतो. ओहोटीला खाडीतली लहान मासळी, झिंगे पाण्याबरोबर बाहेर ओढले जातात आणि मोठा मासा मुखाशी टपून बसलेला असतो. म्हणून माझा सल्ला: द्वितीया ते पंचमी हे दिवस धरा, आणि अगदीच नवखे असाल तर चतुर्थी-पंचमी, कारण तेव्हा उधाणाचा जोर थोडा ओसरलेला असतो. सुट्टी दशमी-एकादशीलाच मिळत असेल तरी निराश होऊ नका, तेव्हा सकाळी उजाडताना चढते पाणी मिळते. ते दुसऱ्या पसंतीचे, पण वाईट नाही.

महिना कुठला? १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा प्रजननाचा आणि खवळलेल्या समुद्राचा काळ. या दिवसांत काठावरूनही गळ टाकायला जाऊ नये. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, पण नद्या अजून गढूळच असतात. काठावरच्या नवख्याला दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत बरा.

सामान

दुकानात गेलात की खर्च करायला लावणाऱ्या वस्तू खूप दिसतील. सुरुवातीला लागते ते एवढेच: आठ ते नऊ फुटांचा दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड, चार हजार मापाचे रील, वीस-तीस पौंडांची वेणीची (ब्रेडेड) दोरी, पुढे लावायला तीस-चाळीस पौंडांची नायलॉन दोरी, १/० ते ३/० मापाचे काही गळ, थोडे बारीक गळ, आणि तीस ते साठ ग्रॅमची शिशाची वजने. तलावासाठीचा सहा फुटी रॉड घेऊन आलात तर बंदराच्या कठड्यावरून दोरी दगडांपासून दूर ठेवता येत नाही, म्हणून लांबी हवीच. रील खाऱ्या पाण्याचे घ्या. इथे पैसे वाचवू नका. लुअर, म्हणजे माशासारखी दिसणारी खोटी आमिषे, आवडत असतील तर दोन-तीन ठेवा, पण पहिल्या खेपेला ताज्या आमिषावर भर द्या. लुअरला प्रवाह वाचता यावा लागतो आणि तेच तर अजून शिकायचे आहे.

गळ काढायचा चिमटा, दोरी कापायची कात्री, डोक्याला लावायची बॅटरी, चांगली पकड असलेले बंद बूट, आणि लांब दांड्याचे जाळे. बंदराचा कठडा पाण्यापासून उंच असतो. मासा दोरीने उचलायला गेलात तर त्याचे वजन आणि त्याचा झटका दोन्ही गाठीवर येतात आणि ती हमखास तुटते.

रॉड रेल्वेत न्यायचा तर पीव्हीसीच्या नळीत घालून, दोन्ही टोकांना कापड कोंबून न्या. गळ डबीत बंद ठेवा. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून पनवेल आणि पुढे कोकण रेल्वे, असा प्रवास करणार असाल तर गर्दीत उघडा गळ कुणाच्या हाताला लागू शकतो.

नागपुरातच करायची तयारी

दोन गोष्टी घरीच येऊ द्या: गाठ आणि फेक.

गाठ अशी. दोरीचे टोक गळाच्या डोळ्यातून ओवा, वीतभर बाहेर काढा. हे टोक मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग तेच टोक डोळ्याजवळच्या लहान फासातून घाला, आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून परत काढा. आता थुंकीने ओले करा. हे टाळू नका: कोरडी नायलॉन दोरी घासली की तापते आणि आतल्या आत कमजोर होते. ओल्या दोरीवर मुख्य दोरी हळूहळू ओढा, वेढे एकमेकांना चिकटून नीट रांगेत बसताना दिसले पाहिजेत. एकावर एक चढले तर कापून पुन्हा बांधा. शेवटी गळ खिळ्याला अडकवून जोर लावून बघा. वेणीच्या दोरीला ही गाठ घसरते, म्हणून गळाला नेहमी नायलॉनच बांधायची आणि नायलॉन व वेणीची दोरी एकमेकींना दुहेरी युनी गाठीने जोडायची. टीव्हीसमोर बसून न पाहता बांधता येईपर्यंत सराव करा, कारण तिथे संध्याकाळी वारा असतो, हात ओले असतात आणि नेमके तेव्हाच मासे चरत असतात.

फेकीसाठी रिकामे मैदान बघा. गळ लावायचा नाही, फक्त तीस ग्रॅमचे वजन. पन्नास पावलांवर चप्पल ठेवा आणि तिच्या आसपास वजन पडू द्या. लांब फेकण्यापेक्षा ठरवलेल्या जागी पडणे महत्त्वाचे. मागे माणूस नाही ना, वर विजेची तार नाही ना, हे दर फेकीला बघायची सवय इथेच लावा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. तारेला टेकला तर जीव जाईल.

प्रत्यक्ष पाण्यावर सराव हवा असेल तर आपल्याकडच्या बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्या ढिवर-भोई मंडळींची ती रोजीरोटी आहे, म्हणून संस्थेच्या माणसाला आधी विचारा. पाळेवर बसलेल्या काकांना 'कुठे टाकू?' एवढे विचारले तरी बहुतेक वेळा उत्तराबरोबर दोन गोष्टी जास्तीच्या कळतात. तोतलाडोहकडे मात्र रॉड नेऊच नका. ते पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात येते आणि तिथे मासेमारीला बंदी आहे.

पोहोचल्यावर पहिली ओहोटी नुसती बघायची

समजा तुम्ही रत्नागिरीला उतरलात. मिरकरवाडा हे मोठे मासेमारी बंदर तिथे आहे, आणि शहराच्या दक्षिणेला काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. बंदर आणि मुख दोन्ही जवळजवळ, म्हणून शिकणाऱ्याला ही जागा उत्तम. सिंधुदुर्गात कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते, तेही ठिकाण चांगले. मालवणला मात्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठे काय चालते ते स्थानिकांना विचारूनच ठरवा.

कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी पूर्ण ओहोटीला, रॉड न घेता, काठावर जा. भरतीत जे झाकलेले असते ते सगळे आता उघडे पडलेले दिसेल. नदीचा खोल प्रवाह कुठल्या अंगाने जातो, वाळूचा दांडा कुठवर आला आहे, कातळ कुठे संपतो, कालवांनी (धारदार शिंपल्यांनी) भरलेले दगड कुठे आहेत, जाळ्यांच्या काठ्या कुठे रोवल्या आहेत. मोबाइलवर फोटो काढा आणि मागची खूण लक्षात ठेवा: त्या माडाच्या सरळ रेषेत खड्डा, त्या दीपस्तंभाच्या रेषेत दगड. सहा तासांनी पाणी चढल्यावर याच फोटोंवरून गळ कुठे टाकायचा ते ठरेल.

मग पाणी वाहू लागल्यावर पुन्हा बघा. नदीचे गढूळ पाणी आणि समुद्राचे निवळ पाणी जिथे भेटते तिथे रेघ उमटते, बऱ्याचदा तिच्यावर फेस आणि पालापाचोळा जमतो. मासा त्या रेघेच्या कडेने फिरतो. जेट्टीच्या टोकामागे पाणी उलटे गोल फिरते, तिथेही. बोईट माशांचा थवा एकाएकी पाण्याबाहेर उसळला तर खाली कुणीतरी मागे लागले आहे असे समजा.

आमिष आणि फेक

आमिष त्याच गावात, त्याच दिवशीचे घ्या. कोळंबी सर्वांना चालते. बोईट किंवा तारलीचे तुकडे मोठ्या माशासाठी. पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणारी पोरे खाडीत भेटतात, त्यांच्याकडून थोडी जिवंत मासळी विकत मिळाली तर त्याहून चांगले काही नाही. तलावावर चालणारी कणीक इथे प्रवाहात टिकत नाही.

कोळंबी लावताना शेपटीचा पंखा तोडून टाका, नाहीतर ती पाण्यात भिंगरीसारखी फिरते आणि दोरीला पीळ पडतो. गळ शेपटीकडून आत घाला, पाठीच्या वळणाने पुढे सरकवा आणि टोक पोटाकडून बाहेर काढा. टोक मोकळे राहिले पाहिजे. फेकताना गळून पडत असेल तर शिवणाचा दोरा चार वेळा गुंडाळा.

वजन दोरीवर सरकते ठेवा: आधी शिसे ओवायचे, मग मणी, मग भोवरकडी (स्विव्हल), तिच्यापुढे दोन फूट नायलॉन आणि गळ. माशाने आमिष उचलले की दोरी शिशातून सरकते, त्याला ओझे जाणवत नाही. शिसे किती घ्यायचे ते प्रवाह ठरवतो. तळाशी हळूहळू घरंगळत जाईल एवढे बरोबर. एकाच जागी रुतले तर जड झाले, भराभर काठाला आले तर हलके.

प्रवाहाच्या थोडे वरच्या अंगाला फेका आणि पाण्यालाच ते खाली नेऊ द्या. नवख्याची सगळी ताकद लांब फेकण्यात जाते, पण जेट्टीच्या खांबांपाशी, अगदी पायाखाली, चांगले मासे असतात. पहिल्या दोन फेकी तिथेच करा. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ताणाला दोरी सुटू लागेल ते ठरवणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. हाताने ओढल्यावर दोरी कुरकुरत सुटली पाहिजे. लहान टकटक झाली की थांबा. रॉडचे टोक वाकून खाली जाऊ लागले की उचला.

काय लागेल? मुडदुशी वाळूवर, बारीक गळाला. काळुंदर दगडांपाशी. तांबोशी खांबांत आणि कातळाच्या कपारीत, लागल्यावर पहिल्या दोन सेकंदांत ती भोकात शिरू बघते, तेव्हा सैल सोडू नका. कोकर वाहत्या पाण्यात, सरळ धावतो. आणि जिताडा, ज्याच्यासाठी लोक रात्र-रात्र उभे राहतात. तो लागला की उसळी मारून डोके झटकतो. तेव्हा रॉडचे टोक खाली पाण्याकडे न्या, दोरी ताणलेली ठेवा.

हात कुठे लावायचा नाही

शिंगाळा (मिशांचा मासा, कॅटफिश) सर्वांत जास्त लागतो आणि सर्वांत जास्त जखमाही तोच करतो. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, करवतीसारखा आणि विषारी. पायाने दाबून चिमट्याने गळ काढा किंवा दोरी कापून सोडून द्या. काटा टोचलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरतात. मग दवाखान्यात जा, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीवरचा काटा याहून वाईट. पाकट वर घेऊच नका. फुगणारा केंड मासा लागला तर सोडा. त्याचे विष शिजवल्यानेही जात नाही. पाण्यात साप दिसला किंवा गळाला आला तर दोरी कापा.

पण माशांपेक्षा पाण्याची भीती जास्त बाळगा. ओहोटीला वाळूच्या दांड्यावर चालत गेलात आणि पाणी मागून चढले तर परतीची वाट आधी बुडते, तुम्ही उभे असता ती जागा नंतर. म्हणून भरती सुरू व्हायच्या आधी दांड्यावरून परत या. पहिल्या सहलीत कातळावर जाऊ नका, जेट्टीवरच शिका. शेवाळलेल्या दगडावरून पाय सुटला तर खाली कालवांच्या धारा असतात. वारा नसतानाही दूरच्या वादळाच्या लाटा किनाऱ्यावर येऊन आदळू शकतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, सकाळी ते बघूनच निघा. एकटे जाऊ नका. पोहता येत असले तरी तरंगजाकीट घाला, नागपूरच्या तरणतलावातले पोहणे मुखाच्या प्रवाहात उपयोगी पडत नाही. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि ११२, दोन्ही फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

बंदर लोकांचे कामाचे ठिकाण आहे

होड्या येतात, मासळी उतरते, लिलाव होतो, तेव्हा रॉड बाजूला ठेवून वाट मोकळी करा. नांगराच्या दोरांवरून आणि वाळत घातलेल्या जाळ्यांवरून गळ फेकू नका. जाळ्यात गळ अडकला तर जाळे ओढू नका, आपली दोरी कापा. तांडेल (होडीचा म्होरक्या) किंवा खलाशी दिसला की आधी 'मामा, इथे टाकला तर चालेल का?' विचारा. 'नको' म्हणाले तर जागा बदला. जिथे प्रवेशबंदीची पाटी आहे तिथे विचारायचेही कारण नाही. कापलेली नायलॉन दोरी खिशात ठेवा. ती दगडांत अडकून राहिली तर पुढची कित्येक वर्षे पक्षी आणि कासवे तिच्यात गुंततात.

लहान मासा सोडून द्या. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, पण यादी पाठ नसली तरी वितीपेक्षा लहान जिताडा, तांबोशी ठेवू नये, एवढे बंधन स्वतःला घालून घ्यावे. सोडताना हात ओले करा, माशाला पाण्यात धरून तोंड प्रवाहाकडे करा आणि तो स्वतः सुटून जाईपर्यंत थांबा. खायला ठेवणार असाल तर लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात ठेवा. नागपूरपर्यंत न्यायचा आग्रह धरू नका. जिथे उतरला आहात तिथल्या काकूंना द्या, त्या कोकम-खोबरे घालून जे करतील ते गरम भाताबरोबर तिथेच खा.

रात्री झोपण्यापूर्वी रील आणि रॉडवर गोड्या पाण्याची बारीक धार सोडा. जोराचा फवारा नको, मीठ आत ढकलले जाते. ड्रॅग सैल करून वाळवा. वापरलेले गळ नव्या गळांच्या डबीत परत टाकू नका, सगळे गंजतील. घरी आल्यावर दोरीचे पहिले पाच-सहा मीटर बोटांतून ओढून बघा. कुठे खरबरीत लागले तर तेवढा तुकडा कापून पुढची गाठ पुन्हा बांधा.